शेती करमुक्त, बारा लाखही करमुक्त. मग कर कशाचा?

भोर तालुक्याच्या पूर्व भागातील भोंगवलीचा आणि पुण्याच्या विद्यापीठाचा परस्परांशी संबंध काय, असे कोणी विचारले तर चटकन उत्तर देता येणार नाही. परंतु प्राप्तिकराच्या विवरणपत्राचा मोसम आला, की हा संबंध आपोआप उघड होतो. सातबारा भोंगवली, किकवी वा सारोळ्याचा, राहती सदनिका धनकवडी किंवा आंबेगावात, तिचीच एखादी खोली परगावच्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेली, कर्ता पुरुष एखाद्या महाविद्यालयात नोकरीला, त्याची पत्नी दुसऱ्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारी आणि गावी वडिलांच्या नावावर चार जनावरांचे दूध. सातारा महामार्गाच्या दोन्ही अंगांना वसलेल्या गावांतून पुण्यात आलेल्या कुटुंबांचे हे सर्वसाधारण चित्र आहे. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा पुण्यात शिकायला येणारा विद्यार्थी वाड्यात खोली घेऊन राहत असे. आज त्याला खोली देणारा घरमालक हा पुष्कळदा स्वतःच भोर वा पुरंदरचा शेतकरी असतो.

अशा कुटुंबाला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, ही पहिली. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, ही २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर घरोघरी पोहोचलेली दुसरी. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. गंमत अशी, की ती एकाच माणसाच्या बाबतीत एकत्र आली, की दोन्ही अर्धी होतात. विवरणपत्र भरून देणाऱ्यांपैकी अनेकांना हे माहीत नसते आणि ज्यांना माहीत असते, त्यांच्यातील काही जण ते सोयीस्करपणे विसरतात.

शेती उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्राला नव्हे, तर राज्यांना दिला आहे. त्यामुळे केंद्राचा प्राप्तिकर कायदा हे उत्पन्न वगळतो. मात्र पगारदार शेतकऱ्याचा दर ठरवताना शेतीकडे पाहायचेच नाही का, हा प्रश्न राज समितीने १९७२ मध्ये उपस्थित केला आणि १९७३ च्या वित्त कायद्याने त्यावर मधला मार्ग काढला. निव्वळ शेती उत्पन्न पाच हजार रुपयांहून अधिक असेल आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर दोन्हींची बेरीज करून कर काढायचा. मग करमुक्त मर्यादेत शेती उत्पन्न मिळवून येणाऱ्या रकमेवरचा कर त्यातून वजा करायचा. उरेल तो कर पगारावरचा. म्हणजे शेतीवर कर नाहीच, पण शेतीमुळे पगार वरच्या टप्प्यात सरकतो. पन्नास वर्षे उलटून गेली तरी ही पद्धत कायम आहे.

आता एक उदाहरण घेऊ. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये एखाद्या प्राध्यापकाचा पगार १० लाख ७५ हजार रुपये आहे. नव्या करप्रणालीतील ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाता करपात्र उत्पन्न १० लाख. त्यावर कर होतो ४० हजार रुपये आणि कलम ८७ अ नुसार मिळणाऱ्या ६० हजारांपर्यंतच्या करसवलतीत तो पूर्ण जिरतो. देणे शून्य. याच प्राध्यापकाच्या वाट्याला गावच्या बागायतीतून चार लाख रुपये निव्वळ शेती उत्पन्न येत असेल तर? बेरीज १४ लाख, त्यावरचा कर ९० हजार. करमुक्त मर्यादा चार लाख आणि शेतीचे चार लाख मिळून आठ लाख, त्यावरचा कर २० हजार. वजाबाकी ७० हजार. सवलत मिळते, परंतु ६० हजारांचीच. उरलेल्या दहा हजारांवर चार टक्के उपकर धरून १० हजार ४०० रुपये सरकारजमा करावे लागतात. पगार बारा लाखांच्या आत, शेती करमुक्त आणि तरीही कर! चार लाखांच्या शेती उत्पन्नाला ही रेषा करपात्र पगाराच्या सुमारे ९ लाख ३३ हजारांवर आहे. त्याखाली सवलत पुरते, वर पुरत नाही.

दहा हजार रुपये ही या कुटुंबाला झेपणारी रक्कम आहे. खरा प्रश्न ती न भरण्यासाठी, किंबहुना ती आहे हेच न कळल्यामुळे, काय केले जाते हा आहे. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आयटीआर-१ हा सुटसुटीत अर्ज भरणे. नोकरदाराची बहुतेक माहिती त्यात आधीच भरून आलेली असते. शेतीची माहिती मात्र येत नाही, कारण आडत्याची पट्टी प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात सहसा उमटत नाही. पाच हजारांहून अधिक शेती उत्पन्न असणाऱ्याला हा अर्ज वापरताच येत नाही. त्याने आयटीआर-२ भरायला हवा. दोनशे-तीनशे रुपयांत पाच मिनिटांत अर्ज भरून देणाऱ्या दुकानात हा प्रश्न विचारलाच जात नाही.

याच्या अगदी उलट प्रकार अधिक गंभीर आहे. खोल्यांचे भाडे, शिकवणीची फी, दुधाचे पैसे, अशी रोखीने आलेली किंवा हिशेब न ठेवलेली कोणतीही रक्कम 'शेती' या एका रकान्यात लोटून देण्याची युक्ती. कायद्याची व्याख्या तशी सैल नाही. शेतात पिकवलेला ऊस, भात वा भाजीपाला शेती उत्पन्नात येतो. रोपवाटिकेतील रोपेही येतात. पण दूध आणि कोंबडीपालन येत नाही. शेतावर बांधलेल्या खोल्या बाहेरच्यांना राहायला दिल्या, तर ते भाडेही शेती उत्पन्न नव्हे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात तपासलेल्या प्रकरणांपैकी सुमारे २२.५ टक्के प्रकरणांत शेती उत्पन्नाची सूट पुरेशा कागदपत्रांविना मान्य झाल्याचे नोंदवले होते. त्याच सुमारास विवरणपत्रात बदल झाला आणि पाच लाखांहून अधिक शेती उत्पन्न दाखवणाऱ्याला जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, ती स्वतःची की खंडाची, बागायती की जिरायती, हे सारे लिहावे लागू लागले. दोन एकर जिरायतीवर आठ लाख रुपये दाखवणाऱ्याची गाठ आता थेट सातबाऱ्याशी पडते.

आणि सातबारा हा स्वतःच एक गुंता आहे. भोर तालुक्यातील कित्येक उताऱ्यांवर अजून चुलत्या-पुतण्यांची सामाईक नावे आहेत, बहिणींची नावे लागली आहेत किंवा लागायची आहेत, खातेफोड झालेली नाही. उत्पन्न कोणाचे? वडील स्वतःच्या नावावरची जमीन स्वतः कसत असतील, तर ते उत्पन्न वडिलांचे. पुण्यातील मुलाने ते आपल्या विवरणपत्रात दाखवण्याचे कारण नाही आणि आपल्या खात्यावरील जमा रकमेचा खुलासा म्हणून वापरण्याचे तर मुळीच नाही. सामाईक जमिनीत ज्याचा जेवढा हिस्सा, तेवढेच त्याचे उत्पन्न. एकत्र कुटुंबाचे असेल तर एकत्र कुटुंबाचा पॅन वेगळा. हे ठरवण्यासाठी संगणकाआधी घरातील चार माणसांना एकत्र बसवावे लागते.

विद्यापीठाच्या गावाचे म्हणून जे खास उत्पन्न आहे, त्याची कथाही सरळ नाही. तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या मानधनातून काही ठिकाणी पगार समजून, तर काही ठिकाणी व्यावसायिक शुल्क समजून करकपात होते. दुसऱ्या प्रकारात दहा टक्के कापले जातात आणि ते परत मिळवण्यासाठी म्हणून विवरणपत्र भरले जाते. येथे अनेकदा कलम ४४ अडअ चा आधार घेतला जातो. या कलमानुसार निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवली की काम झाले. मात्र ही सोय डॉक्टर, वकील, अभियंता, वास्तुविशारद, लेखापाल अशा ठरावीक व्यवसायांना आहे. अध्यापन त्या यादीत नाही. शिवाय व्यवसायाचे उत्पन्न दाखवणाऱ्याला नव्या करप्रणालीतून जुन्या प्रणालीत गेल्यावर पुन्हा नवी स्वीकारण्याची संधी आयुष्यात एकदाच मिळते. नोकरदार दरवर्षी निवड बदलू शकतो. पंधरा-वीस हजारांच्या परताव्यासाठी कोणता रकाना भरला, याचे परिणाम पुढची अनेक वर्षे पुरतात ते असे.

खोलीभाड्याचे त्या मानाने सोपे. घरभाडे म्हणून दाखवले, तर देखभालीपोटी ३० टक्के सरसकट वजावट मिळते. जेवण, कपडे धुणे, साफसफाई यांसह 'पेइंग गेस्ट' ठेवले, तर तो व्यवसाय होऊ शकतो आणि ही सरसकट वजावट जाते. जाता जाता, पगारपत्रकावर दरमहा दोनशे रुपये कापला जाणारा 'प्रोफेशनल टॅक्स' म्हणजे प्राप्तिकर, असा समज बाळगणारे सुशिक्षित लोकही भेटतात. तो १९७५ च्या कायद्याने राज्य सरकार घेते तो व्यवसाय कर. वर्षाला फार तर अडीच हजार रुपये. त्याचा आणि केंद्राच्या विवरणपत्राचा एवढाच संबंध, की जुन्या प्रणालीत त्याची वजावट मिळते आणि नव्यात तीही नाही.

जमीन विकली की मात्र आकडे मोठे होतात. ग्रामीण भागातील शेतजमीन ही कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही; त्यामुळे तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर नाही. ग्रामीण कोणती, हे हवाई अंतरावर ठरते. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकेच्या हद्दीपासून आठ किलोमीटर, तर दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या नगरपालिकेपासून दोन किलोमीटर. पुणे महापालिकेची हद्द २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये वाढली. परिणामी कात्रजचा बोगदा ओलांडताच लागणारी शिंदेवाडी भोर तालुक्यात असूनही आठ किलोमीटरच्या वर्तुळात येते आणि भोंगवली त्याबाहेर राहते. एकाच तालुक्यातील दोन भावकींपैकी एकीला साडेबारा टक्के दराने भांडवली नफ्यावर कर आणि दुसरीला काहीच नाही. शिंदेवाडीच्या शेतकऱ्याला दुसरी शेतजमीन घेऊन किंवा, २३ जुलै २०२४ पूर्वी हाती आलेल्या जमिनीसाठी, महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय तपासून बोजा हलका करता येतो. पण त्याने हे व्यवहाराआधी कोणाला तरी विचारायला हवे. बारा लाखांची सवलत येथे कामाला येत नाही, कारण २०२५-२६ पासून ती अशा विशेष दराच्या उत्पन्नाला लागू नाही. भोंगवलीकडील जमीनही बिगरशेती करून भूखंड पाडून विकली, तर ती शेतजमीन उरत नाही. विक्रीचे पैसे बँकेत ठेवले की त्यावरील व्याज करपात्र असते, हे तर दोन्ही गावांना सारखेच लागू.

अशा परिस्थितीत जाणकाराकडून विवरणपत्र भरून घेणे ही चैन नव्हे. पण जाणकार कोण? प्राप्तिकर अधिकाऱ्यापुढे बाजू मांडायची तर सनदी लेखापाल, वकील अशी पात्रता लागते. विवरणपत्र भरून देण्याला कसलाही परवाना लागत नाही. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मिळून दीडशे ठिकाणी मोहीम राबवली, ती खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्या मध्यस्थांविरुद्धच होती. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचे खात्याने तेव्हा सांगितले. परताव्याच्या टक्केवारीवर काम करणारा मध्यस्थ दावा वाढवणार, हे उघड आहे. नोटीस येते ती करदात्याला. उत्पन्न चुकीचे दाखवल्याचे सिद्ध झाले, तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड त्यालाच. मागाहून सुधारित विवरणपत्र भरण्याची मुदत २०२५ मध्ये चार वर्षांपर्यंत वाढवण्यात आली हे खरे. पण त्यासाठी कर व व्याजावर विलंबानुसार २५ ते ७० टक्के जादा रक्कम मोजावी लागते.

खात्याला हा प्रश्न ठाऊक नव्हता, असे नाही. २००६ मध्ये 'टॅक्स रिटर्न प्रिपेअरर' योजना आणून पदवीधर तरुणांना प्रशिक्षण देण्यात आले. छोट्या करदात्यांना अल्प शुल्कात मदत मिळावी, असा हेतू होता. २०१८ मध्ये तिची नवी आवृत्तीही निघाली. तरीही तालुक्याच्या ठिकाणी ती लोकांच्या ओळखीची झाली, असे म्हणवत नाही. अमेरिकेत वाणिज्य शाखेचे विद्यार्थी प्रशिक्षण घेऊन अल्प उत्पन्न गटाची विवरणपत्रे विनामूल्य भरून देतात. 'व्हिटा' नावाचा तो सरकारी उपक्रम पाच दशकांहून अधिक काळ चालू आहे. पुण्यात वाणिज्य महाविद्यालयांची आणि सनदी लेखापाल होऊ पाहणाऱ्या मुलांची वाण नाही. त्यांतील बरीच मुले भोर-शिरवळच्याच बाजूची आहेत आणि सातबारा वाचायला त्यांना शिकवावे लागणार नाही. विद्यापीठाने असा उपक्रम श्रेयांकाला जोडला, तर जूनपासून महामार्गालगतच्या एखाद्या ग्रामपंचायतीत आठवड्याचा एक दिवस बसणे अवघड नाही.

१ एप्रिल २०२६ ही प्राप्तिकर कायदा, २०२५ च्या अंमलबजावणीची तारीख आहे. 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आले, कलमांचे क्रमांक बदलले. २०२५-२६ च्या उत्पन्नाला मात्र १९६१ चाच कायदा लागू आहे. शेती उत्पन्नाची जोडणी नव्या व्यवस्थेतही टिकून आहे. एका गोष्टीकडे मात्र या निमित्ताने लक्ष द्यायला हवे होते. अमेरिकेत पैसे घेऊन विवरणपत्र भरणाऱ्याला स्वतःचा नोंदणी क्रमांक घालून सही करावी लागते. आपल्याकडे सरकारी योजनेतील प्रिपेअररसाठी अर्जात जागा आहे, पण पैसे घेऊन अर्ज भरणाऱ्या चौकातल्या दुकानदाराचे नाव त्यावर बहुधा कोठेच येत नाही. अर्जावर नाव, पॅन आणि भ्रमणध्वनी क्रमांक असतो तो भोंगवलीच्या खातेदाराचा. कधी कधी तर तोही नसतो. भ्रमणध्वनी आणि ई-मेल दुकानदाराचाच टाकलेला असतो, आणि नोटीस त्याच्याकडेच जाऊन पडते.