ठासणीच्या बंदुकीचं किट घरपोच, पिस्तुलाचं किट कोर्टात: अमेरिकेत फरक नेमका कशाचा?

दोन खोकी डोळ्यांसमोर आणा. पहिल्यात अठराव्या शतकातल्या ‘केंटकी रायफल’च्या धर्तीची पोलादी नळी, अर्धवट घासलेला लाकडी दस्ता, चाप, घोडा आणि त्याची स्प्रिंग बसवलेली कळ, पितळी पट्ट्या आणि मूठभर स्क्रू. दुसऱ्यात प्लास्टिकची पिस्तुलाची चौकट, स्लाइड, नळी, स्प्रिंगा आणि सोबत ड्रिलचे बिट. दोन्ही ‘घरी बसून जोडा’ प्रकारातली. अमेरिकेत पहिलं खोकं कुरिअरवाला दारात ठेवून जातो. केंद्रीय कायद्याला त्यासाठी ना पार्श्वभूमी तपासणी लागते, ना अनुक्रमांक. दुसरं खोकं मात्र थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि २६ मार्च २०२५ रोजी त्याच्यावर निकाल लागला.

त्या निकालानंतर माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अमेरिकेत बंदुकीच्या किटवर बंदी’ असे मेसेज फिरत होते. तसं काही झालेलं नाही. बंदी तर नाहीच, आणि पहिल्या खोक्याला तर त्या निकालाने हातही लावलेला नाही. असं का, हे समजून घ्यायचं तर बंदूक म्हणजे काय हे कायदा कसं ठरवतो ते बघावं लागतं, आणि ती भानगड तांत्रिक आहे.

आधी पिस्तुलाचं किट

अमेरिकेच्या १९६८ च्या ‘गन कंट्रोल अ‍ॅक्ट’नुसार बंदूक म्हणजे स्फोटाच्या जोरावर गोळी फेकणारं, किंवा तशा कामासाठी सहज बदलता येणारं हत्यार. त्या हत्याराची मुख्य चौकट, म्हणजे फ्रेम किंवा रिसीव्हर, ही एकटीसुद्धा बंदूकच धरली जाते. किट विकणाऱ्यांनी यातूनच वाट काढली. चौकट ऐंशी टक्केच बनवायची, उरलेली भोकं गिऱ्हाइकाने पाडायची. विकताना ती ‘बंदूक’ नाही, म्हणून तपासणी नाही, नंबर नाही. याच त्या ‘घोस्ट गन’. पोलिसांनी माग काढण्यासाठी केंद्राकडे पाठवलेल्या अशा बंदुका २०१७ मध्ये सुमारे १,६०० होत्या. २०२१ मध्ये त्या १९,००० च्या वर गेल्या.

दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं असा भलताच मेळ सांभाळणाऱ्या एटीएफ या केंद्रीय यंत्रणेने २०२२ मध्ये नियम काढला: सहज पुरी होणारी किटं ही बंदूकच समजली जातील. त्याला आव्हान मिळालं आणि ‘गारलँड विरुद्ध व्हॅनडरस्टॉक’ हा खटला उभा राहिला. न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी नियम टिकवला. न्यायमूर्ती गॉर्सच यांचा युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. आयकियातून ‘टेबल’ आणलं असं माणूस सांगतो तेव्हा ते जोडायचं बाकीच असतं, तरी आपण त्याला टेबलच म्हणतो. काही वस्तूंची नावं अपुऱ्या रूपालाही लागू होतात, असा त्याचा सारांश. निकालात ज्या किटचं उदाहरण आहे त्यातून, ते किट आधी कधी न पाहिलेल्या माणसाने २१ मिनिटांत चालू पिस्तूल बनवलं होतं.

मग याच न्यायाने रायफलचं किट ही रायफल का नाही? तर ती आहेच, आयकियाच्या टेबलाइतकीच. पण जोडून पुरी झाली तरी ती कायद्याच्या व्याख्येतली ‘बंदूक’ होत नाही. त्यामुळे ती अर्धी की पुरी, हा प्रश्नच उद्भवत नाही.

काडतूस ही खरी रेषा

१९६८ च्या व्याख्येच्या शेवटी एक छोटं वाक्य आहे: यात ‘अँटिक फायरआर्म’ धरू नये. अँटिक म्हणजे १८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेलं हत्यार, किंवा आधुनिक काडतूस न वापरणारी त्याची प्रतिकृती. १९९८ मध्ये त्यात आणखी एक कलम जोडलं गेलं: काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायी दारूवर चालणारी, तोंडाने भरायची आणि तयार काडतूस घेऊच न शकणारी रायफल, शॉटगन किंवा पिस्तूल. म्हणजे कालच्या कारखान्यातून निघालेली बंदूकही कायद्याच्या लेखी ‘अँटिक’ असू शकते. वय नाही, तंत्र महत्त्वाचं.

आपल्या कोकणातल्या वाचकांना हे तंत्र वेगळं समजावायला नको. तीच आपली ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, त्यावर कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली शिशाची गोळी, गजाने ठासायची, मागे चकमक किंवा केप लावायची आणि मग चाप. सरावलेला सैनिकही मिनिटाला तीनच्या पुढे बार काढू शकत नसे. काडतुसात मात्र गोळी, दारू आणि ठिणगी पेटवणारा भाग एकाच पितळी डबीत असतो. त्यामुळेच मॅगझिन आणि एकापाठोपाठ गोळीबार शक्य झाला. संसदेने रेषा ओढली ती इथे.

पळवाट दिसली की कोणीतरी त्यातून जाणार, हे ओळखून १९९८ च्या कलमात अटीही घातल्या. आधुनिक बंदुकीचा रिसीव्हर वापरलेली, मूळ काडतुसाच्या बंदुकीतून बदलून केलेली, किंवा नळी, बोल्ट वा मागची बाजू बदलून सहज काडतूस खाऊ शकणारी ठासणीची बंदूक ‘अँटिक’ नाही. किट घेताना अमेरिकेतल्या माणसाने हे आधी बघायला हवं. दुकानात ‘मुझललोडर’ म्हणून टांगलेली प्रत्येक वस्तू या सवलतीत बसत नाही.

यामागे एक इतिहासही आहे. १९६३ मध्ये केनेडींच्या हत्येत वापरलेली इटालियन रायफल मासिकातली जाहिरात बघून टपालाने मागवलेली होती. टपालाने बंदूक विकण्यावर बंधनं आणणं हा १९६८ च्या कायद्याचा एक मोठा हेतू होता. त्याच कायद्यातल्या सवलतीमुळे आज रायफल टपालाने येते!

किट घेणं आणि जोडणं

माझा आतेभाऊ पेनसिल्व्हेनियात राहतो. ज्या रायफलीला ‘केंटकी’ म्हणतात ती मुळात त्याच्याच राज्यात, लँकेस्टरच्या आसपास स्थायिक झालेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी घडवली. त्याने असं किट घ्यायचं ठरवलं तेव्हा आम्ही बरेच दिवस फोनवर त्यावर बोललो.

किटं साधारण दोन जातींची. काही शे डॉलरची, स्पेन किंवा इटलीत बनलेल्या नळ्यांची. यात लाकूड बरंचसं कोरलेलं असतं. पॉलिश पेपरने घासणं, रंग देणं, अळशीचं तेल पाजणं, पितळ चमकवणं, नळीवर गंज धरवून तपकिरी करणं एवढं काम. दोन-चार शनिवार-रविवार पुरतात. दुसरी जात हजार डॉलरच्या पुढची. ओहायोतली किबलर ही कंपनी सीएनसी यंत्रावर लाकूड इतकं बिनचूक कोरते की कळ आणि नळी खाचेत जवळजवळ आपोआप बसतात. पूर्वी हेच काम पटाशीने महिनोन्‌महिने चालायचं.

घेताना काय पाहायचं? चकमक की केप, हे आधी. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतरचा हरणांचा एक मोसम फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी राखलेला आहे, म्हणून तिथे चकमकीला मान. मग नळीतले पीळ. गोल गोळीला सावकाश पीळ लागतो, साठ-सत्तर इंचांत एक फेरा. लांबट गोळीला घट्ट. आणि नळीवरचा प्रूफचा छाप. स्पेन आणि इटलीत नळी जादा दाबाने तपासून छाप मारणं कायद्याने सक्तीचं आहे, अमेरिकेत केंद्रीय पातळीवर तशी सक्ती नाही. लाकूड बिघडलं तर दुसरं घेता येतं, नळीच्या बाबतीत कंजुषी नको. आणि काळ्या दारूच्या जागी आधुनिक बिनधुराची दारू चिमूटभरही नाही. तिचा दाब कैकपट असतो, नळी फुटून तोंडावर येते.

सवलत किती दिवस टिकेल?

मला ही रेषा बव्हंशी पटते, कारण ती दिसण्यावर नाही, कामावर ओढली आहे. पण दोन जागी ती विरलेली आहे. एक, गुन्हा सिद्ध झाल्यामुळे ज्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही त्यांनाही ही रायफल घेता येते. ‘जुनाट खेळणं’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही; गेटिसबर्गचं मैदान याच जातीच्या बंदुकांनी रक्ताळलं होतं. काही राज्यांनी आपापले नियम कडक केले आहेत, म्हणून केंद्राची सवलत म्हणजे सगळीकडे मोकळं रान नव्हे.

दुसरी जागा तंत्राची. २०२० मध्ये ‘फायरस्टिक’ नावाचं उत्पादन आलं. यात दारू प्लास्टिकच्या नळकांड्यात बंद असते आणि मागून बसवतात, गोळी मात्र तोंडातूनच ठासतात. मग ही ठासणीची म्हणायची की काडतुसाची? काही राज्यांनी ठासणीच्या मोसमात तिला परवानगी दिली, काहींनी नाकारली. पुढचे वाद इथे होतील असं मला वाटतं. घोस्ट गनच्या नियमाचंही भवितव्य पक्कं नाही. न्यायालयाने टिकवला तरी सरकार तो बदलू शकतं, आणि फेब्रुवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने बंदुकांबाबतच्या आधीच्या नियमांचा फेरआढावा सुरू झाला आहेच.

आणि भारतात?

आतेभावाचा पुढचा प्रश्न होता, ‘अर्धवट जोडलेली रायफल दिवाळीला गावी आणतो, हॉलमध्ये लावू. शोभेची वस्तूच आहे ना?’ मी त्याला स्पष्ट सांगितलं, आणू नकोस. आपला १९५९ चा शस्त्र कायदा काडतूस बघत नाही. स्फोटकाच्या जोरावर काहीही फेकणारं हत्यार म्हणजे बंदूक, आणि ‘शस्त्र’ या शब्दात त्याचे सुटे भागही आले. आयात करायला परवाना, बनवायला परवाना. जुन्या हत्यारांना सवलत आहे, पण दुरुस्त करूनही जी चालू शकणार नाहीत अशांनाच. नवीकोरी चालती प्रतिकृती त्यात बसत नाही. विमानतळावर खोकं उघडलं तर ‘अमेरिकेत हे अँटिक आहे’ हे सांगून सुटका होणार नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाल्या आहेत.

गंमत अशी की ठासणीची बंदूक आपल्या कायद्यालाही वेगळी ठाऊक आहे. परवाना देण्याच्या कलमात शेतीच्या रक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा नावानिशी उल्लेख आहे. रानडुक्कर आणि माकडांनी बेजार झालेल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या शेतकऱ्यांच्या घरी ती त्या परवान्यावरच असते, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश येतात. अमेरिकेत जी वस्तू छंद म्हणून नोंदीशिवाय दारात येते, तिच्यासाठी इथे वहीत नाव लागतं.

आतेभावाची रायफल सध्या त्याच्या गॅरेजमध्ये आहे. दस्त्याला तेलाचा तिसरा हात झाला आहे, नळी अजून लावायची आहे.