‘साहेबांना पाठवा’ कशाला?

‘मॅडम, साहेबांना पाठवून द्या, मी त्यांच्याशी बोलतो.’ गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या कितीतरी जणींनी हे वाक्य ऐकलेलं असतं. मुलांना क्लासला सोडायचं आपण, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं आपण, आणि गाडीला काय झालंय ते सांगायचं मात्र साहेबांनी! गंमत म्हणजे साहेबांनाही बरेचदा काही ठाऊक नसतं. ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाका’ म्हणून तेही मोकळे होतात.

पण मैत्रिणींनो, ‘स्टिअरिंग कसंतरीच वाटतंय हो’ एवढंच आपण सांगितलं, तर मेकॅनिक तरी काय करणार? डॉक्टरांना आपण कुठे दुखतं, कधी दुखतं, सगळं नीट सांगतो ना? मग गाडीचंही तसंच सांगायला शिकू या.

पहिली गोष्ट म्हणजे अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही दोन वेगळी दुखणी आहेत. चाकं ठरलेल्या कोनात उभी नसली तर अलाइनमेंट बिघडलेलं. चाकाचं वजन सगळीकडून सारखं नसलं तर बॅलन्सिंग बिघडलेलं. गावात गाडी छान चालते, पण हायवेवर ऐंशीच्या आसपास गेली की स्टिअरिंग थरथरतं? मग आधी पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग बघायला सांगा. हातापेक्षा सीटला थरथर जास्त जाणवत असेल, तर संशय मागच्या चाकांवर.

गाडी एका बाजूला ओढते आहे? मग खर्चात पडण्याआधी हवा तपासा, तीही सकाळी टायर थंड असताना. हवा किती हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे सरकली तर घाबरू नका. मात्र हवा बरोबर असून, सपाट रस्त्यावरही ती ओढतच असेल किंवा सरळ जाताना स्टिअरिंग तिरकं धरावं लागत असेल, तर अलाइनमेंट करून घ्या. आणि फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर दुखणं ब्रेकचं. तिथे अलाइनमेंट करून काय उपयोग?

टायरही बोलतात बरं का! टायर एकाच कडेला झिजला असेल तर बहुधा अलाइनमेंटची गडबड. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधोमध झिजला तर हवा जास्त. महिन्यातून एकदा चारही टायरांवरून नजर फिरवायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

आणि आपले खड्डे? ते तर पाचवीलाच पुजलेले! एखाद्या खड्ड्यात गाडी जोरात आदळली आणि त्यानंतर पुढून खडखड येऊ लागली, किंवा स्टिअरिंग थोडं फिरवूनही चाक वळेना, तर चालढकल करू नका. स्टिअरिंगचे सांधे ढिले झाले असतील तर ते जिवावर बेतू शकतं. आधी ते सांधे तपासून, लागले तर बदलून घ्यायचे आणि मगच अलाइनमेंट करायचं. उलट क्रमाने केलं तर पैसे पाण्यात. मशीनवर अलाइनमेंट झालं की आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. तो कागद मागणारी बाई समोर आली की गॅरेजवाल्याचा सूर आपोआप बदलतो.

यात पुरुषी असं काय आहे? नीट बघायचं, ऐकायचं, लक्षात ठेवायचं. घर चालवताना आपण दुसरं काय करतो? ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच-गिअर शिकवतात, रिव्हर्स शिकवतात. पण गाडी कुरकुरू लागली की काय समजायचं, हे फारसं कुणी शिकवत नाही. मग महिला मंडळांनी ते का शिकवू नये? पाककृतींच्या स्पर्धा होऊ द्यात की, पण एखाद्या शनिवारी चांगल्या मेकॅनिकला बोलावून दोन गाड्यांची चाकं खोलून बघायलाही काय हरकत आहे? आणि पुढच्या संक्रांतीला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी गाडी चालवणाऱ्या मैत्रिणींना टायरची हवा मोजायचं गेज वाण म्हणून द्या. डबा माळ्यावर जाईल, गेज मात्र गाडीत राहील आणि रोज उपयोगी पडेल!