खोकडाचे बीळ आणि सरकारी दप्तर

पूर्वीच्या आदिलाबाद आणि २०१६ पासूनच्या निर्मल जिल्ह्यातील बासर येथे, सरस्वतीच्या पायाशी मुलाचा अक्षरारंभ करावयास आमच्या किनाऱ्यावरील कुटुंबेही जातात. घाट ओलांडला की हिरव्या मुलखाला सरावलेल्या डोळ्यांना वाटेवरचा दख्खनचा माळ उजाड भासतो. या उजाडपणाविरुद्ध साक्ष देणारा एक लहानसा प्राणी आहे : काळ्या गोंड्याच्या शेपटीचे खोकड. कोकणात आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो निराळा. घाटाच्या पावसाळी पट्ट्यात खोकड राहत नाही.

खोकडाची जोडी माळावर अनेक तोंडांचे बीळ करते. सुमारे पन्नास दिवसांच्या गर्भकाळानंतर हिवाळा सरता सरता पिले होतात, आणि नर व मादी दोघेही त्यांना भरवितात. हे पाहण्यासाठी पूर्वी दुर्बीण घेऊन रात्र जागवावी लागे. आता हालचाल होताच आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा ते काम माणसाविना करतो. मात्र तो थेट बिळाच्या तोंडाशी रोवणाऱ्या हौशी मंडळींना सांगावेसे वाटते की, उपद्रव झाला की खोकड पिलांसह बिऱ्हाड हलविते.

आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो बिळाच्या जागेचा प्रश्न. याच पठारावर, बासरच्या बऱ्याच पश्चिमेस, सोलापूर जिल्ह्यात नान्नज येथे १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. त्या भागात शेते, वनीकरण आणि माळाचे तुकडे यांची सरमिसळ आहे. तेथील बिळांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. बिळासाठी खोकड मूळ गवताळ माळालाच ठळक पसंती देते, असे त्यात आढळले. शेतातले उंदीर ते खाते. संसार मात्र माळावर थाटते. मोकाट कुत्र्यांचे भय आणि त्यांचे रोग ही आणखी पीडा आहेच.

आणि सरकारी दप्तरात हाच माळ 'पडीक'! एकदा पडीक ठरला की त्याचे कल्याण करणे ओघानेच आले. कोणी खड्डे खणून गिरिपुष्प लावतो, कोणी सौरऊर्जेच्या तावदानांनी तो झाकतो. वृक्षारोपणाशी आमचे वैर नाही. पण गवताच्या जागी गवतच असू द्यावे, एवढे म्हणण्याची सोय हवी. माळावर यंत्र उतरविण्यापूर्वी दोन्ही राज्यांच्या वनखात्यांनी पिलांच्या हंगामात बिळांची पाहणी करावी. महसूल खात्याने 'पडीक' हा शेरा खोडून तेथे 'गवताळ माळ' असे लिहावे. मेंढ्यांमागे हिंडणारा धनगर कोणते बीळ नांदते आहे हे जाणतो. पाहणीच्या तुकडीत पहिली जागा त्याला द्यावी.