मराठी ज्यूंचा रोजा आणि अम्मीची गोळी

‘रोजा’ हा शब्द फक्त मुसलमानांचा, असं आपण धरून चालतो. एम.ए.ला असताना मीही तेच धरून चालले होते. मराठीच्या बोलींवर एक टिपण करायचं होतं, म्हणून अलिबागकडच्या बेने इस्रायल समाजाच्या सणांची यादी वाचत होते. त्यात ‘नव्याचा रोजा’ आणि ‘सबाबी रोजा’ अशी दोन नावं दिसली. शिवाय एका अख्ख्या महिन्याच्या उपासाचं नाव ‘रमजान’!

ही माणसं ज्यू. घरात मराठी बोलणारी, पूर्वी तेलाचे घाणे चालवणारी. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ नाव दिलं. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला, तो छापला गेला १९३७ मध्ये. सणांची ही नावं त्यांनी नोंदवून ठेवली आहेत. मुंबईत मांडवीला १७९६ साली उभं राहिलेलं त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर, त्यालाही ‘जुनी मशीद’ म्हणायचे. शब्द शेजाऱ्यांकडून घेतले, उपास मात्र आपल्याच धर्माचे ठेवले.

रमजानच्या पानावर हे लिहायचं कारण त्या रोजांचे नियम. ज्यूंचे दोन मोठे उपास सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत चालतात. ‘नव्याचा रोजा’ आणि ‘सबाबी रोजा’ हे छोट्या उपासांपैकी. ‘नव्याचा रोजा’ म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाचा तिसरा दिवस, यहूदाचा सुभेदार गदल्या याच्या खुनाची आठवण. ‘सबाबी रोजा’ तम्मुज महिन्याच्या सतराव्या दिवशी, यरुशलेमचा तट फुटला त्याच्या दुःखाचा. त्या शहराला वेढा पडला तो तेबेतचा दहावा दिवस तिसरा, आणि चौथा एस्तेर राणीचा. हा पुरीमच्या आदल्या दिवशी येतो. पुरीमला कोकणात ‘होळीचा सण’च म्हणत. आपल्या पंचांगासारखा त्यांच्याकडेही अधिक महिना असतो. त्यामुळे त्यांचा ‘रमजान’ दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटाला येतो, आपल्यासारखा दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत नाही.

छोटा उपास पहाट फुटल्यापासून आकाशात तारे दिसेपर्यंत. अन्न नाही, पाणी नाही. आंघोळ चालते, कामधंदा चालतो, चामड्याच्या चपला चालतात. मोठ्या उपासाला हे चालत नाही. चूळ भरणं शक्यतो टाळायचं. उपास शनिवारी आला तर रविवारी धरायचा, कारण तो विश्रांतीचा दिवस उपाशी काढायचा नसतो. एस्तेरचा मात्र मागे घेऊन गुरुवारी. चुकून काही खाल्लं गेलं तर आठवल्याबरोबर थांबायचं आणि उरलेला दिवस उपास पुढे चालवायचा. आपल्याकडे विसरून खाल्लं तर रोजा तुटतच नाही; या बाबतीत आपण जास्त नशीबवान.

एक नियम वाचून मी थबकले. रात्रीची झोप लागली की उपास सुरू झाला असं त्यांचं शास्त्र धरतं. पहाटे उठून खायचं असेल तर झोपण्याआधीच मनात ठरवावं लागतं. आपल्या परंपरेतही अगदी सुरुवातीला असंच होतं. हदीसमध्ये कैस बिन सिर्मा यांची हकीकत आहे. दिवसभर राबून ते घरी आले, बायको अन्न आणायला गेली तेवढ्यात यांचा डोळा लागला. झोप लागली म्हणजे खाणं संपलं. दुसऱ्या दिवशी तसेच उपाशी, आणि दुपारी बेशुद्ध पडले. त्यानंतर पहाटेपर्यंत खाण्यापिण्याची परवानगी देणारी आयत उतरली, असं हदीस सांगते. ज्या सहेरीसाठी आपण गजर लावतो, ती मिळाली एका कष्टकऱ्याला भोवळ आली म्हणून.

हे वाचताना मला तीन वर्षांपूर्वीची आमची अम्मी आठवते. तिला बारा वर्षांपासून साखर आहे. डॉक्टरांनी रोजे धरू नका म्हणून स्पष्ट सांगितलेलं. तिनं मान डोलावली आणि पहिल्याच दिवशी रोजा धरला. चौथ्या रोजाला, असरच्या नमाजानंतर, ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसूनच राहिली. कपाळावर घाम, बोलणं अडखळलेलं. मशीनवर साखर बावन्न आली. मी साखरपाणी ओठाला लावलं तर तिनं तोंड मिटून घेतलं. शेवटी दोन घोट गेले, आणि शुद्धीवर आल्यावर ती रडली. रोजा तुटला म्हणून नव्हे. ‘आता शेजारणींना काय सांगू?’ म्हणून.

माझा सगळा राग त्या वाक्यावर आहे. आजाऱ्याला आणि प्रवाशाला सूट कुरआनमध्ये रोजाच्या हुकुमाबरोबरच सांगितली आहे. नंतर धरता आला तर कजा, बरं होण्याची आशाच नसेल तर फिदिया. ज्यूंच्या छोट्या उपासांत आजारी माणूस, गर्भवती, अंगावर पाजणारी आई यांना सूट आहे. आजार जिवावरचा असायला हवा अशीही अट नाही. युरोपातल्या काही ज्यूंची रीत जास्त कडक, पण मूळ कायदा असाच आहे. दोन्हीकडे शास्त्र मोकळं आहे. घट्ट आहे ती आपली गल्ली. भाजीवाल्यापासून मावशीपर्यंत प्रत्येक जण विचारतो, ‘रोजा है ना?’

कॉलेजमध्ये मी दरवर्षी बघते. महिन्याच्या त्या चार-पाच दिवसांत मुलींनी रोजा धरायचाच नसतो. तरी आमच्या मुली लेडीज रूमच्या कोपऱ्यात, दाराला पाठ लावून बिस्किटं खातात. घरी भाऊ, वडील बघतील म्हणून सहेरीला उठून जेवल्यासारखं करतात. एकीनं मला सांगितलं, ‘मॅडम, खोटं बोलायची सवय लागली.’ रमजानच्या महिन्यात खोटं बोलायची सवय! ती कुणी लावली?

यावर ठरलेलं उत्तर येतं की सवलती सांगत बसलं तर लोक पळवाटा काढतात. त्यात थोडं तथ्य आहे. ज्यूंचाच एक दाखला बघा. पासोव्हरच्या आदल्या दिवशी पहिल्या मुलग्यानं उपास धरायचा असतो. पण त्या दिवशी धर्मग्रंथाचा एखादा भाग शिकून पुरा झाला आणि त्याचं जेवण झालं, तर त्या पंगतीला बसणाऱ्याला उपास माफ. अभ्यास पुरा केला की जेवण! प्राध्यापक म्हणून मला ही पळवाट फारच आवडली. पण त्यांच्याकडेच दुसरंही सांगितलं आहे: सूट मिळालेल्यानं गरजेपुरतं खावं, मेजवानी झोडू नये, उपाशी माणसांसमोर मिरवू नये. हा आडोसा अदबीचा. आमच्या मुली घेतात तो भीतीचा. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून तर मला त्यातला फरक पुन्हा पुन्हा सांगावा लागतो.

हे फक्त मुसलमान वाचकांसाठी नाही. आमच्या गल्लीतल्या एक काकू रक्तदाबाच्या गोळ्या चुकवून हरतालिका निर्जळी धरतात, कारण सासूबाई धरायच्या. जयसिंगपुरात जैन शेजार मोठा. सूर्य मावळला की कित्येक जैन घरांतलं स्वयंपाकघर बंद होतं आणि त्याच मिनिटाला आमचं उघडतं. समोरच्या आजी इतकी वर्षं आमच्या इफ्तारला दिवस असतानाच फळं कापून पाठवतात आणि स्वतः मात्र खात नाहीत. त्यांनी अम्मीला कधीच विचारलं नाही, रोजा आहे का म्हणून. ताट येतं, ज्याला खायचं तो खातो.

ज्यूंच्या तालमूदमध्ये या छोट्या उपासांबद्दल आणखी एक विचार आहे. छळ असेल तर हे दिवस उपासाचे, शांतता असेल तर आनंदाचे, आणि दोन्ही नसेल तर लोकांनी ठरवावं, धरायचा की नाही. आपला रमजान तसा ऐच्छिक नाही, हे मला माहीत आहे. तुलना तिथपर्यंत ताणायची नाही. पण उपास कुणाच्या अंगावर किती जड पडतो हे बघणारी नजर त्यांच्या पंडितांकडे होती, आणि कैस यांच्या हकीकतीतही तीच आहे.

यंदा अम्मीनं रोजे धरलेले नाहीत. रोजच्या एका रोजामागे एका गरजू माणसाची दोन वेळची सोय, असा हिशेब करून तिनं महिन्याचा फिदिया पहिल्याच जुम्म्याला देऊन टाकला. सहेरीला मात्र सगळ्यांच्या आधी तीच उठते, चहा ठेवते. सकाळी नाश्ता केल्यावर गोळी घेते, खिडकी उघडी ठेवून. परवा शेजारीण दारात आली आणि तिनं तोच प्रश्न विचारला. अम्मी म्हणाली, ‘नाही. बस, चहा घेतेस का? अगं, तुझा रोजा असेल ना.’