पुसलेल्या फिती

इंग्लंडचा सांस्कृतिक इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शेक्सपियर आणि डिकन्स उभे राहतात. मँचेस्टरचा कामगार साठ वर्षांपूर्वी रात्री जेवण आटोपून टीव्हीवर काय पाहत होता, हा प्रश्न आपल्याला करमणुकीचा, म्हणजेच क्षुल्लक वाटतो. माझ्या मते तो इतिहासाचाच प्रश्न आहे.

खुद्द बीबीसीलाही एके काळी तसे वाटत नव्हते. त्या काळच्या चित्रफिती दोन इंच रुंदीच्या आणि फार महाग. कार्यक्रम दाखवून झाला की फीत पुसायची आणि तिच्यावर दुसरा कार्यक्रम घ्यायचा, अशी रीतच होती. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या, मग जपून करायचे काय? हिशेब बिनचूक होता! 'डॉक्टर हू' ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्या सहा वर्षांतील २५३ भागांपैकी ९०हून अधिक भागांची चित्रे आजही सापडलेली नाहीत.

पण आवाज सापडतो, हरवलेल्या प्रत्येक भागाचा! कारण काही प्रेक्षकांनी (त्यांत शाळकरी मुलेही होती) घरच्या टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवून घेतला होता. परदेशी केंद्रांना विकलेल्या प्रतींपैकी नऊ हरवलेले भाग नायजेरियातील जोस शहरात मिळाले, ही बातमी २०१३ साली जाहीर झाली. संस्थेने टाकून दिलेला ठेवा पोरासोरांनी आणि परक्या गोदामाने सांभाळला. इतिहासाची साधने कोणाच्या हाती असतात, याचा विचार आम्ही इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका मला यासाठीच महत्त्वाची वाटते. ग्रॅनडा कंपनीने ती ९ डिसेंबर १९६० रोजी सुरू केली. लेखक टोनी वॉरन तेव्हा अवघा २४ वर्षांचा. सॅलफर्डसारख्या गावातली एक गल्ली, कोपऱ्यावरचा दारूचा गुत्ता, उंबऱ्यावर उभ्या राहून भांडणाऱ्या बायका आणि त्यांची उत्तरेकडची अस्सल बोली. टीव्हीवर धुतलेल्या इंग्रजीचा दरारा होता, त्या काळात ही बोली राजरोस घराघरांत शिरली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरची बोली मी या आवारात आवाज खाली करून बोलते. त्यामुळे कोणाची भाषा पडद्यावर येते ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही.

या विषयाला विद्यापीठात जागा मिळवून दिली तीही लीड्सच्या कामगारवस्तीतून शिष्यवृत्तीवर शिकत आलेल्या रिचर्ड हॉगर्टने. त्याचे 'द यूजेस ऑफ लिटरसी' १९५७ सालचे. १९६४ मध्ये त्याने बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र काढले. गंमत अशी की नव्या झगमगीत करमणुकीचा त्याला रागच होता! पण राग आला तरी तो अभ्यास करीत राहिला.

आपले काही प्राध्यापक म्हणतील, मग साऱ्याच मालिका अभ्यासक्रमात घ्यायच्या काय? केन लोचची 'कॅथी कम होम' तेही मान्य करतील. १६ नोव्हेंबर १९६६ रोजी सुमारे एक कोटी वीस लाख लोकांनी ती पाहिली आणि बेघरांचा प्रश्न देशभर गाजला. पंधराच दिवसांनी 'शेल्टर' ही संस्था सुरू झाली. तिची तयारी आधीपासून होती, पण लोकांचे मन या नाटकाने तिच्याकडे वळवले. अशी गंभीर कृती आपण चटकन स्वीकारतो. गल्लीतल्या भांडणांची मालिका आली की मात्र नाक मुरडतो. वाईट मालिका वाईटच, तिला चांगली म्हणा असे मी म्हणत नाही. ती लाखो माणसांना का आवडली, एवढे तरी विचारू या.

हॉगर्टचे पुस्तक आपल्या ग्रंथालयात नाही. मागणीच्या वहीत मी त्याचे नाव लिहिले आहे. त्याखाली आणखी चार-पाच सह्या पडल्या तर ते लवकर येईल.