यंत्रमानवाचा जमाखर्च

कारखान्यात नवे यंत्र घ्यावयाचे झाले की त्याची किंमत, त्यावरील व्याज आणि वाचणारी मजुरी एवढ्या तीन रकमा मांडून हिशेब पुरा झाला असे आपण मानतो. यंत्रमानवाच्या बाबतीत हा हिशेब अपुरा ठरतो, असे आमचे नम्र मत आहे. यंत्रमानव एकटा काम करीत नाही. त्याच्या आधी माणूस असतो, नंतर माणूस असतो आणि अलीकडे तर शेजारीही माणूसच असतो. त्या माणसाचे खाते ज्या वहीत उघडलेले नाही, ती वही खरा नफा दाखवू शकत नाही.

प्रश्नाचे मूळ यंत्रमानवाहून जुने आहे. १९१३ साली अमेरिकेत हायलंड पार्क येथील फोर्डच्या कारखान्यात मोटारीचा सांगाडा सरकत्या साखळीवर जुळविला जाऊ लागला. पूर्वी ज्या कामास सुमारे साडेबारा तास लागत, ते पुढे दीड तासात होऊ लागले. परंतु त्याच वर्षी कामगार इतक्या झपाट्याने सोडून जात की, १०० जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षाकाठी सुमारे ३७० माणसे घ्यावी लागत. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी दिवसाला पाच डॉलर वेतन जाहीर केले व कामाचे तास नवावरून आठावर आणले, त्याचे एक प्रमुख कारण हेच होते. वाचलेल्या वेळातील काही वाटा माणसाला परत द्यावाच लागला.

पुढे १९५५ साली साल्व्हेसन यांनी साखळीवरील कामांची वाटणी गणितात बसविली. कोणते काम कोणानंतर यावे आणि प्रत्येक ठाण्यावरील बोजा समान कसा राहावा, हे त्यावरून ठरविता येते. शास्त्र उपयुक्तच आहे. मात्र अशा सरळ मांडणीत प्रत्येक कामाला एक ठराविक वेळ धरलेला असतो. यंत्राला ते शोभते. माणसाचा वेळ पाळीच्या आरंभी एक व अखेरीस दुसरा असतो. आणि शेजारचा लोखंडी हात केव्हा वळेल याची धास्ती असेल, तर तिसराच.

१९६१ साली न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला औद्योगिक यंत्रमानव बसविला गेला, तो तप्त ओतीव भाग उचलण्यासाठी. ही निवड योग्य होती. बेळगावच्या फाउंड्रीत भट्टीजवळ उभा राहिलेला कोणीही याची साक्ष देईल. त्यानंतर कित्येक वर्षे यंत्रमानव कुंपणाआड राहिला. १९९६ च्या सुमारास अमेरिकेत कोलगेट व पेश्किन या संशोधकांनी माणसाच्या बरोबरीने काम करणाऱ्या ‘कोबॉट’ची कल्पना मांडली. अशा यंत्राचा धक्का शरीराच्या कोणत्या भागास किती जोराचा चालेल, याचे आंतरराष्ट्रीय निर्देश २०१६ मध्ये निघाले. आज चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यातही असे यंत्रमानव माणसांच्या जोडीने काम करतात.

यावर कोणी म्हणेल, मग सारेच काम यंत्राकडे का देऊ नये? टेस्लाने तसा प्रयत्न केला. परंतु २०१८ साली अतिरेकी यांत्रिकीकरण ही चूक होती, अशी जाहीर कबुली तिच्या प्रमुखांनीच दिली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भाव ग्राहकाने बांधून दिलेला असताना लहान कारखानदाराने माणसाच्या सोयीचा विचार कोठून करावा? आमचे उत्तर असे की, विचारण्यास खर्च फार थोडा येतो. बसविलेले यंत्र हलविण्यास मात्र पुष्कळ येतो.

म्हणून यंत्र मागविण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. ज्या कामाने हात भाजतो वा कंबर मोडते, ते प्रथम यंत्राला द्यावे. पारख आणि निवड माणसाकडे ठेवावी. यंत्र कोठे उभे करावे, हे त्या जागी रोज राबणाऱ्याला विचारावे. आणि साखळी थांबविण्याचा अधिकार त्याच्या हाती असावा. टोयोटाच्या कारखान्यांत दोरी ओढून कामगार तसे करू शकतो, व त्यामुळे ती पेढी बुडालेली नाही.

राहिला प्रश्न ज्याची जागाच जाईल त्याचा. त्याला कोणते नवे काम शिकवावयाचे, हे यंत्राची मागणी नोंदविण्यापूर्वी ठरवावे, नंतर नव्हे. मुद्दलाची सोय लावल्याशिवाय आपण व्याजाच्या गोष्टी बोलत नाही. येथे मुद्दल म्हणजे माणूस आहे.