बुटक्या उंदराची साक्ष

‘वय वाढते तसे शरीरातले ग्रोथ हार्मोन आटत जाते, म्हणून स्मरणशक्ती जाते. ते सुईने परत भरा, मेंदू पुन्हा तरुण होईल.’ हा दावा आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. व्यायामशाळेतल्या गप्पांतून, मोबाइलवरच्या जाहिरातींतून तो सोलापुरातल्या निवृत्त माणसापर्यंतही पोचतो. ओळखीच्यांची नावे आठवेनाशी झाल्याने तो आधीच धास्तावलेला असतो आणि हाताशी फंडाचे थोडे पैसे असतात. दावा करणारे विज्ञानाचे नाव घेतात, तेव्हा त्यांना उत्तरही विज्ञानातूनच द्यायला हवे.

पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीने मांडतो. १९९० साली अमेरिकेत डॅनियल रुडमन यांनी ६१ ते ८१ वयाच्या २१ पुरुषांचा अभ्यास केला. त्यांतल्या १२ जणांना सहा महिने हे संप्रेरक टोचले. त्यांची चरबी सुमारे १४ टक्क्यांनी घटली आणि चरबीविरहित वजन जवळजवळ ९ टक्क्यांनी वाढले. पुढे विल्यम सॉनटॅग यांच्या गटाने म्हाताऱ्या रॅटना ग्रोथ हार्मोन सोडणाऱ्या पीयूषिका ग्रंथीला चालना देणारा रेणू दिला, तेव्हा जागा लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता टिकली. २०१२ मध्ये याच जातीच्या औषधाची ५५ ते ८७ वयाच्या १५२ स्त्री-पुरुषांवर २० आठवडे चाचणी झाली आणि औषध मिळालेल्यांचे बौद्धिक चाचण्यांतले गुण बरे आले.

यातले काहीच खोटे नाही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. रुडमन यांचा तो निबंध चरबी, स्नायू आणि हाडांचा आहे. स्मरणशक्ती सुधारल्याचे त्यात म्हटलेले नाही, तरी गेली तीस-पस्तीस वर्षे जाहिराती त्याच्याच आधारावर उभ्या आहेत. २०१२च्या चाचणीतले औषध म्हणजे ग्रोथ हार्मोन नव्हे. ते ग्रंथीला स्वतःच्या लयीत संप्रेरक सोडायला लावते, आणि २० आठवडे म्हणजे म्हातारपण नव्हे. निरोगी वृद्धांना प्रत्यक्ष ग्रोथ हार्मोन दिलेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २००७ साली आला. शरीराच्या घडणीत थोडा बदल, आणि सोबत अंगावर सूज, सांधेदुखी, मनगटातली नस दबणे, साखर वाढण्याकडे कल असा त्याचा हिशेब होता. वय थोपवण्यासाठी हे औषध सुचवता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. घरटी एखादा मधुमेही सापडेल अशा आपल्या समाजात ‘साखर वाढते’ हा दुष्परिणाम बारीक टाइपात छापण्याजोगा नाही.

मात्र खरी साक्ष उंदरांची आहे. जन्मतःच ज्यांच्या रक्तात ग्रोथ हार्मोन नाही, किंवा असूनही शरीराला त्याची दखल घेता येत नाही, अशा उंदरांच्या जाती शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे सांभाळल्या आहेत. १९२९ साली वर्णन झालेला स्नेल बुटका, १९६१चा एम्स बुटका, १९७६चा ‘लिट्ल’ उंदीर आणि १९९७ साली ओहायोत जॉन कॉपचिक यांच्या प्रयोगशाळेने घडवलेला, संप्रेरकाचा ग्राहकच (पेशीवरचा रिसेप्टर) नसलेला उंदीर. संप्रेरक आटले की मेंदू आटतो हे खरे असते, तर हे प्राणी सर्वांत आधी जराजर्जर व्हायला हवे होते. १९७०च्या दशकात काही संशोधकांनी तसे म्हटलेही होते, कारण त्यांचे बुटके उंदीर काही महिन्यांतच मरत होते. पुढे कळले की हे नाजूक जीव थंडीने आणि पिंजऱ्यातल्या दांडग्या नरांच्या मारामारीने मरत होते. ऊब आणि शांत सोबत मिळाली, तेव्हा चित्र पालटले. १९९६ साली हॉली ब्राउन-बोर्ग आणि अँजेय बार्टके यांनी दाखवले की एम्स बुटके आपल्या धडधाकट भावंडांपेक्षा सुमारे निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त जगतात. बार्टके यांच्याकडचा ग्राहक नसलेला एक उंदीर २००३ साली मेला, तेव्हा त्याला पाच वर्षे पुरी व्हायला आठवडाच उरला होता. साधा उंदीर दोन-अडीच वर्षांत संपतो.

दीर्घायुष्य म्हणजे शाबूत बुद्धी नव्हे, हे मान्य. म्हणून २००१ साली त्यांच्या स्मृतीचीच परीक्षा झाली. उजेडाच्या कप्प्यातून अंधाऱ्या कप्प्यात गेले की पायाला हलका विजेचा झटका बसतो. नंतर पुन्हा उजेडात सोडल्यावर उंदीर अंधारात शिरायला किती वेळ लावतो, त्यावरून त्याला ते किती आठवते हे कळते. म्हातारे साधे उंदीर विसरले. म्हातारे बुटके उंदीर विसरले नाहीत. वागणुकीतही तेच दिसले: वयाबरोबर साध्यांची हालचाल मंदावली, एम्स बुटक्यांची तशी मंदावली नाही. एम्स जातीत थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक आणि प्रोलॅक्टिनही नसते, तेव्हा श्रेय कशाला द्यायचे, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. म्हणूनच फक्त ग्रोथ हार्मोनचा ग्राहक काढलेल्या उंदरांतही स्मृतीची झीज लांबलेली आढळली, हे महत्त्वाचे.

उलट बाजूचा प्रयोगही झालेला आहे. १९८२ साली रॅटचे ग्रोथ हार्मोनचे जनुक घालून अगडबंब उंदीर घडवले गेले. या संप्रेरकाचा अतिरेक असलेल्या अशा उंदरांच्या जाती लवकर म्हाताऱ्या होतात, लवकर मरतात आणि शिकण्याची त्यांची क्षमताही लवकर ढासळते. सुई विकणाऱ्याने या उंदराबद्दल आधी बोलावे.

इथे दुसरा प्रतिपक्ष उभा राहतो, आणि मला तो अधिक धोकादायक वाटतो, कारण तो सुशिक्षित आहे. तो म्हणतो, ‘मग कमतरता ही इष्टापत्तीच. उपचार कशाला?’

त्याचे उत्तरही या उंदरांतच आहे. एम्स बुटक्याच्या रक्तात ग्रोथ हार्मोन नसले, तरी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीच्या भागात ते स्थानिक पातळीवर सापडते आणि त्याच्या आज्ञेने चालणारे आयजीएफ-१ही तिथे पुरेसे असते, असे २००५ साली दिसले. म्हणजे रक्त कोरडे असले तरी मेंदूने आपली सोय केलेली होती. गर्भापासून या उणिवेसह वाढलेल्या शरीराला अशी सोय करून घेता येते. चाळिशीत ज्याची ग्रंथी अचानक निकामी झाली, त्याच्याबाबत असे काही गृहीत धरता येत नाही.

माणसांचा दाखला हवा असेल तर तो आपल्याकडेच आहे. १९९६ साली एका भारतीय कुटुंबातल्या, नात्याने भावंडे लागणाऱ्या दोन खुज्या मुलांत ‘लिट्ल’ उंदरासारखाच दोष सापडला; त्याच जनुकात, जागा मात्र वेगळी. पुढे मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातल्या डॉ. मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या अशा कुटुंबांचा अभ्यास करून तो २००५ साली प्रसिद्ध केला. अशा मुलाला वेळेवर संप्रेरक मिळाले तर त्याची उंची वाढते. त्या मुलाच्या आईबापांना उंदराचे दीर्घायुष्य सांगून परत पाठवणे हा अपराध ठरेल. शिवाय ते दीर्घायुष्य माणसात उतरलेलेही नाही. ब्राझीलमधल्या इताबायानिन्या गावात याच जनुकातल्या बिघाडाने खुजी राहिलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उपचाराविना ती इतरांएवढी जगतात, जास्त नाही. आणि प्रौढपणी पीयूषिका गमावलेल्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक असतात, हे स्वीडनमधल्या रुग्णांवरून १९९० सालीच कळले होते.

आता माझा पक्ष. ग्रोथ हार्मोनच्या कमतरतेचा बुद्धीवर आणि वागण्यावर काय परिणाम होतो, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ती कमतरता कधी आली, कशाने आली आणि सोबत आणखी काय घेऊन गेली, यावर उत्तर ठरते. सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न विचारायचा तर तो श्रीमंत साठीच्या माणसाबद्दल नव्हे, उसाच्या फडात घोणस चावलेल्या मजुराबद्दल विचारावा. घोणसाच्या विषाने रक्ताची गोठणव्यवस्था बिघडते आणि काही जणांत पीयूषिका ग्रंथीच निकामी होते. केरळमधून अशा रुग्णांची नोंद १९७०च्या दशकातच झाली होती. माणूस दंशातून वाचतो, घरी येतो, आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी गळून जातो. भूक मरते, अंगावरचे केस झडतात, बोलणे संथ होते, कशात लक्ष लागत नाही. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या बाईचेही असेच होते: अंगावर दूध येत नाही, पाळी परतत नाही, आणि तिशीतली बाई पन्नाशीची दिसू लागते. घरचे म्हणतात आळशी झाली, शेजारी म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. तिची ग्रंथी मेली आहे, हे कोणी तिला सांगत नाही.

वैद्यकाने इथे लक्ष घालावे, आणि क्रम चुकवू नये. या रुग्णांत ग्रोथ हार्मोन बहुधा गेलेलेच असते, पण जीव घेते ती याच ग्रंथीच्या हुकमाने सुटणाऱ्या कॉर्टिसॉलची उणीव. कॉर्टिसॉल न देता आधी थायरॉइडची गोळी दिली तर रुग्ण कोसळू शकतो. सकाळचे कॉर्टिसॉल आणि थायरॉइडचे टी-४ या रक्ततपासण्यांनी निदानाची वाट खुली होते आणि पहिल्या उपचाराच्या गोळ्या स्वस्त आहेत. ग्रोथ हार्मोनची महागडी सुई हा त्यानंतरचा, तज्ज्ञाने ठरवायचा प्रश्न. पण त्याच्याही आधी, ‘मंद झालोय’ म्हणून आलेल्या माणसाला, ‘सुस्त झालीय’ म्हणून आणलेल्या बाईला ओपीडीत विचारायला हवे: कधी साप चावला होता का? शेवटच्या बाळंतपणात रक्त किती गेले? बाळाला दूध आले होते का?